गोबरगॅस बांधलात, आता गळती बघा

आमच्या खानापूर तालुक्यात गोबरगॅसचं पहिलं कौतुक होतं ते जळणापायी. रानातून मोळ्या आणायच्या थांबल्या, भांड्यांची काजळी गेली, माझा खोकला कमी झाला. पण टाकीतल्या वायूत निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तो जळला तर ठीक. न जळता सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट हवा तापवतो. गळकी टाकी ठेवून पर्यावरणाच्या गप्पा मारू नयेत.

टाकीचं माप शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका, शेण मोजून ठरवा. किलोभर ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस होतो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण लागतं. आमच्या दोन म्हशी आणि बैलजोडी मिळून तेवढं देतात, पण जनावरं दिवसभर माळावर चरली तर निम्मं शेण तिकडेच पडतं. मी आठवडाभर पाटी वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा हे कळलं. उलट गॅस जास्त होऊन वापरला नाही, तर पक्क्या घुमटाच्या टाकीत तो रबडीच्या, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणकाल्याच्या, तोंडातून बुडबुडत निघून जातो. म्हणून गॅस उरत असेल तर आंघोळीचं पाणी त्यावरच तापवा.

शेण आणि पाणी सारखंच घ्या. काला हाताने कालवताना खडे, काड्या वेचा. नाहीतर तळाला गाळ बसतो. गोठा फिनेलने धुतलात तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, आतले जिवाणू मरतात.

गेल्या थंडीत आमची ज्योत बारीक झाली. मामंजी म्हणाले, "थंडीनं होतंय." थंडीत गॅस कमी होतो हे खरंच, मीही गप्प बसले. पण स्वयंपाकघरात कुजक्या अंड्याचा वास यायला लागला, तशी कपात साबणाचा फेस केला आणि पाइपच्या प्रत्येक जोडावर बोटाने लावत गेले. शेगडीमागच्या कोपऱ्यात, रबरी नळी कॉकवर चढते तिथे, फेसाचा एक फुगा टम्म फुगला, फुटला, परत फुगला. नळीला बारीक चीर होती. नळी नव्वद रुपयांची, आणि महिनाभर मी थंडीला दोष देत होते! तेव्हापासून दर अमावस्येला फेस लावते. तिथी लक्षात राहते म्हणून. काडी ओढून गळती शोधायला जाऊ नका. आणि टाकीत डोकं घालून बघणं तर कधीच नाही, आत श्वास घ्यायला हवा नसते.

आता रबडी. इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी आमचा खड्डा भरून वाहिला आणि सगळं काळं पाणी ओढ्यात गेलं. आमचा ओढा मलप्रभेला मिळतो, खाली लोक तेच पाणी पितात. आता खड्ड्याभोवती हातभर उंच बांध आहे, वर पत्रा आहे. मृगाच्या आधीच खड्डा उपसून भाताच्या वाफ्यात टाकते. उन्हात रबडी उघडी ठेवली की त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो, म्हणून तिच्यात सुका पाला मिसळते. विहीर जवळ असेल तर खड्डा तिच्या उताराच्या बाजूला घ्या, चढाला नको.