फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय मार्क २: पुढचे ब्रेक मोठे करताना

२३९ मिमीच्या मूळ डिस्कच्या जागी फोक्सवॅगनच्याच कोराडो जी६० गाडीच्या २८० मिमी डिस्क बसवायच्या, तर कॅलिपर (पॅडने डिस्क आवळणारा भाग) आणि कॅरियरही (कॅलिपर धरणारी चौकट) त्याच मापाचे घ्या. चाकं किमान १५ इंची हवीत. ब्रेक ऑइल नेणारे रबरी होज (नळ्या) जुने असतील तर आधी तेच बदला. फुगणारा होज मोठ्या डिस्कचा सगळा फायदा खातो.

ब्रेक ऑइल नवीन घ्या, डॉट ४ दर्जाचं. ताजं असताना ते किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, ओलावा शोषल्यावर १५५ अंशांनाही उकळू शकतं. मग वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. सिलिकॉनवालं डॉट ५ यात कधीच मिसळू नका.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचा चाकांचा क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. इथेच बहुतेक जण फसतात: गाडी उचलल्यावर मागचा एक्सल लोंबतो आणि प्रेशर रेग्युलेटर (मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) मागच्या ब्रेककडे जाणारी ऑइलची वाट आवळतो. म्हणून मागची हवा काढताना रेग्युलेटरचा दांडा मागच्या एक्सलकडे दाबून धरा.