टीव्ही उघडण्याआधी टॉर्च घ्या: घरच्या दुरुस्तीत या चुका टाळा

साताऱ्याहून काकांचा फोन. "अरे, टीव्ही गेला. मेकॅनिक म्हणतो पॅनेल गेलंय, नवीनच घ्या."

"आवाज येतोय का?"

"आवाज खणखणीत आहे, नुसता काळोख."

त्यांना म्हटलं, काका, खोलीतले दिवे घालवा, पडदे ओढा, बातम्या लावा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला जवळजवळ टेकवून तिरका धरा. अर्ध्या मिनिटात पलीकडून, "अरे, खालची पट्टी पळताना दिसतेय की!"

म्हणजे पॅनेल, चित्र उमटवणारी काच, ठणठणीत. गेली होती ती मागची बॅकलाइट. एलईडी टीव्हीचं पॅनेल स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे दिवाळीच्या माळेसारखे सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक उडाला की अख्खी माळ विझते. चालू केल्यावर चित्र सेकंदभर चमकून काळं होत असेल, तरी संशय आधी इथेच घ्यायचा. (ओएलईडी टीव्हीला बॅकलाइटच नसते, तिथे ही टॉर्चची युक्ती चालत नाही.) ही चाचणी न करता "पॅनेल गेलं" हे मान्य करणं, ही सगळ्यात महाग चूक.

एकच एलईडी बदलणं

जो उडालाय तो फक्त पहिला. बाकीचे त्याच वयाचे, तितकेच तापलेले. महिन्या-दोन महिन्यांत पुढचा जातो आणि पुन्हा सगळं खोलावं लागतं. पट्टीवर छापलेला कोड, लांबी आणि दिव्यांची संख्या जुळवून पूर्ण सेटच आणा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. जुनी पट्टी सोबत न्या, नुसता मॉडेल नंबर सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या पट्ट्या निघतात.

स्क्रीनवर पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर पट्टी बहुधा चांगलीच असते. एलईडीवरची छोटी भिंगं सुटून पडलेली असतात. ती जागेवर चिकटवायची; फक्त गोंद दिव्यावर येऊ द्यायचा नाही.

पॅनेल एकट्याने उचलणं

हौशी माणसाचा टीव्ही खरा मरतो तो इथे. काच पातळ, आणि तिच्या कडेला पापडासारख्या नाजूक रिबिनी, म्हणजे चित्राचा सिग्नल नेणाऱ्या चपट्या पट्ट्या, चिकटवलेल्या. एक कोपरा आधी वर आला की संपलं. गादीवर चादर पसरून टीव्ही पालथा घाला, आणि पुढे काच सुटी करताना दुसरा माणूस हवाच. मधले पांढरे पातळ शीट ज्या क्रमाने, ज्या बाजूने निघाले त्याचे फोटो काढा. स्क्रूसुद्धा जागेप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आत काय फोडेल सांगता येत नाही. ४३ इंच आणि त्यापुढचा टीव्ही असेल तर माझं ऐका, हे काम दुकानात द्या.

प्लग काढला म्हणजे करंट गेला, असं समजणं

लाल दिवाही लागत नसेल तर आधी सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. हसू नका, बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो. सॉकेट चांगलं निघालं तर पॉवर सप्लाय बघायचा. २३० व्होल्ट एसीचे आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या डबीत) प्लग काढल्यावरही टिकून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ते उतरवण्याची मर्दुमकी नको. थांबा, मल्टिमीटरने मोजा, शून्याजवळ आल्यावरच हात घाला. मीटर नसेल तर मागचं झाकण उघडूच नका.

फ्यूज काळा पडून उडालेला असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. त्याजागी तार घालणं म्हणजे फ्यूजचं काम बोर्डाला देणं. मेकॅनिक आधी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब टीव्हीच्या सिरीजला लावून बघतात: तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आतच आहे. फुगलेले छोटे कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीचेच घ्या.

स्क्रीनवर थेट स्प्रे मारणं

हे मी स्वतः केलंय. दिवाळीची साफसफाई, काच पुसायचं निळं पाणी, दोन फवारे. ओघळ खालच्या फ्रेममध्ये शिरला आणि संध्याकाळी उभ्या रेघा उमटल्या. बऱ्याच टीव्हींत नेमक्या खालच्याच कडेला त्या रिबिनी असतात. कडा दाबली की रेघ जाते, म्हणून लोक तिथे पुठ्ठा कोंबतात. काही दिवस चालतंही. पण रिबिनीचा काचेशी असलेला तो सांधा घरच्या सोल्डरने जुळत नाही. टीव्ही बंद करून गार होऊ द्या, मग जेमतेम ओल्या मऊ फडक्याने पुसा.

लोगोवर अडकलेल्या टीव्हीत दुसऱ्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हने भरू नका; अडकलेला टीव्ही कायमचा गप्प होतो. रिमोटचा संशय असेल तर बटण दाबून त्याचं टोक सेल्फी कॅमेऱ्यात बघा, जांभळट दिवा लुकलुकला तर रिमोट चालू आहे.

काकांच्या टीव्हीला नवा सेट बसला. सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वर होती, मी ६० केली. ब्राइटनेस कमी करून उपयोग नसतो, बऱ्याच टीव्हींत त्याने फक्त काळा रंग बदलतो, दिवे तेवढेच तापतात. पुढच्या खेपेला गेलो तर बॅकलाइट पुन्हा १०० वर. काका म्हणाले, "क्रिकेटचं मैदान मळकट दिसत होतं रे."