नेता मवाळ आहे म्हणता? आधी या चुका टाळा

"माणूस सज्जन आहे हो, पक्ष तेवढा चुकीचा." निवडणूक जवळ आली की सोलापुरात पार्क चौकापासून बाळीवेशीपर्यंत हे वाक्य कुठंही कानावर पडतं. बहुतेक वेळा बोलणाऱ्यानं त्या नेत्याचं हसणं पाहिलेलं असतं, त्याचे निर्णय नाही.

आवाजावरून धोरण ओळखणं

सगळ्यांत जास्त गफलत इथंच होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. राहणी साधी, बोलणं शांत, प्रवास एसटीनं. पण आयुष्यभर ते शेतकरी कामगार पक्षात राहिले, आणि त्या पक्षाची मुळं मार्क्सवादात आहेत. माणूस मृदू होता, विचार मधल्या वाटेचा नव्हता.

याच्या उलट माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर. लाल बावटा, मोर्चे, तिखट भाषण. त्यांना कुणी मवाळ म्हटलं तर ते स्वतःच हसतील. पण विडी कामगारांना कुंभारीत घरं मिळावीत म्हणून भाजपच्या सरकारांशी बोलणी करणारे तेच. जानेवारी २०१९ मध्ये या घरांच्या वसाहतीच्या, रे नगरच्या, पायाभरणीला पंतप्रधान मोदी आले, मास्तरांनी व्यासपीठावरून त्यांचं कौतुक केलं, आणि माकपनं त्यांना तीन महिन्यांसाठी केंद्रीय समितीतून निलंबित केलं. ३० हजार घरांच्या त्या वसाहतीतली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. विरोधकाशी जुळवून घ्यायचं आणि त्यापायी घरच्यांचा मार खायचा, हे मला कोणत्याही गोड भाषणापेक्षा जास्त मवाळपणाचं वाटतं.

शेजारी कोण उभा आहे हे विसरणं

१९९० च्या रथयात्रेच्या वेळी अडवाणी जहाल होते, त्यांच्या शेजारी वाजपेयी आपोआप मवाळ दिसले. वीसेक वर्षांनी मोदींच्या शेजारी अडवाणीच मवाळ ठरले. २००५ मध्ये कराचीत जीनांबद्दल चांगलं बोलल्यामुळे त्यांना पक्षाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, ही किंमत त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवी. पण रथयात्राही त्याच खात्यावर आहे.

वाजपेयींचंही तसंच. गुजरातच्या दंगलींनंतर एप्रिल २००२ मध्ये अहमदाबादेत त्यांनी राजधर्माची आठवण करून दिली, ती सगळ्यांना पाठ आहे. त्याच महिन्यात गोव्यातल्या भाषणाचा सूर अगदी निराळा होता. ५ डिसेंबर १९९२ चं, म्हणजे बाबरी मशीद पडायच्या आदल्या दिवशीचं, लखनौचं भाषण तर आठवणीतून पार पुसलं गेलंय. हवी तेवढीच तारीख उचलली की कुणीही मवाळ करता येतो.

आपल्या गावचा म्हणून सूट देणं

सुशीलकुमार शिंदे. नाव घेतलं की सोलापूरकराला हसरा चेहरा आणि कोर्टातल्या साध्या नोकरीपासून दिल्लीपर्यंतचा प्रवास आठवतो. तो खराच आहे. पण ते गृहमंत्री असतानाच नोव्हेंबर २०१२ मध्ये कसाबला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये अफझल गुरूला फाशी झाली. अफझलच्या कुटुंबाला स्पीड पोस्टनं पाठवलेलं पत्र फाशी उरकल्यानंतर पोचलं. जयपूरमध्ये भाजप आणि संघावर दहशतवादी प्रशिक्षणाचा आरोप केला तोही त्यांनीच, आणि महिन्याभरात दिलगिरीही व्यक्त केली. यातलं काय बरोबर, काय चूक, हा वाद वेगळा. पण हे काम नाव झाकून वाचलं, तर तुम्ही त्याला मवाळ म्हणाल का?

सभागृहातलं मतदान पुरावा मानणं

इथं फार वेळ घालवू नका. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे मतदानातून पक्ष कळतो, माणूस क्वचितच कळतो. त्याऐवजी राजीनामे बघा. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख काही आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. आणि राजीनामा नसेल, तर आपल्याच पक्षाच्या माणसानं विखारी बोलल्यावर पुढच्या आठवड्यात हे साहेब काय बोलले, ते जुन्या पेपरात शोधा. "माझ्यापर्यंत ते विधान आलेलं नाही" हे उत्तर मौनातच मोजायचं.

फक्त मराठीतलं ऐकणं

ही चूक खास आपल्या जिल्ह्याची. पत्रकार परिषद मराठीत, सोलापूर शहराच्या पूर्व भागातली कोपरा सभा तेलुगूत, अक्कलकोटकडचं भाषण कन्नडमध्ये, आणि कुठं उर्दूत चार वाक्यं. वर्तमानपत्रात येतं ते बहुधा पहिलंच, आणि तेच सगळ्यांत मोजूनमापून बोललेलं असतं. एकच नेता चार ठिकाणी चार सुरांत बोलू शकतो. हल्ली प्रत्येक सभेचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मोबाईलवर सापडतं. ते मिळवा, आणि भाषा जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून नुसत्या टाळ्यांच्या जागा नाही, सबंध भाषण समजून घ्या. शेजारी त्याच नेत्याचा कार्यकर्ता नाही ना, एवढं आधी बघून घ्या.