बाबांना सांगायचं कसं?

आमच्या गोव्यात घरात कॅन्सर निघाला की पहिली बैठक बसते ती रुग्णाला वगळून. मुलगा दुबईहून व्हिडिओ कॉलवर, जावयाच्या हातात फाईल आणि ज्यांचा आजार ते बाबा आतल्या खोलीत. मग वॉर्डाच्या दाराशी कोणीतरी मला गाठायचं, "सिस्टर, त्यांना कळू देऊ नका हां." सर्जरी वॉर्डातली नोकरी संपली, आता साखळीला घरी असते, तरी शेजारपाजारचे हाच प्रश्न घेऊन येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सांगा.

बरंचसं त्यांना आधीच कळलेलं असतं. कोकण रेल्वेने मुंबईला, टाटाला न्यायचं आणि 'साधी गाठ आहे' म्हणायचं, हे कोणाला पटणार? ते तुमच्यासाठी गप्प राहतात, तुम्ही त्यांच्यासाठी.

वेळ निवडा. दुखणं जोरात असताना माणसाच्या कानात काही शिरत नाही; वेदनेचं औषध लागू पडल्यावर, भेटायला येणारे नसताना बसा. सुरुवात प्रश्नाने करा: "डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला काय वाटतं?" मग, "सगळं सांगू की औषधापुरतं?" काही जण खरंच म्हणतात, मुलाला सांगा, मला नको. तो त्यांचा अधिकार आहे, पण तो त्यांनी वापरायचा, जावयाने नव्हे. "म्हाका कितें जालां?" (मला काय झालंय?) असं थेट विचारलं तर "बरें जातलें" (बरं होईल) म्हणून उठून जाऊ नका. "गाठ कॅन्सरची आहे, उपचार सुरू करतोय, मी सोबत आहे," एवढं पुरे. पुढे गप्प बसा. हे सगळ्यात कठीण. अशा वेळी नर्सेसनासुद्धा अचानक सलाईन तपासायची आठवण होते.

"किती दिवस राहिले?" याचा अंदाज डॉक्टरांनीच द्यावा. तुम्ही विचारा, "कशासाठी हवंय?" बहुतेकदा मागे काहीतरी ठोस असतं. नातीचं लग्न, बँकेचं खातं, नाहीतर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी.

चवथीचं मुद्दाम सांगते. आजारी माणसाच्या हातातली सगळी कामं आपण मायेने काढून घेतो आणि त्याला नुसता पेशंट करून ठेवतो. ज्यांनी जन्मभर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधली त्यांना खुर्ची देऊन समोर बसवा. मुलाने वर चढावं, त्यांनी खालून ओरडावं. कांगलां कुठल्या डोंगरावर मिळतात, नारळ कुठल्या बाजूला, हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक? दमले तर झोपतील.

शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हेही ते बोलू शकतात तेव्हाच विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली उपचारांबद्दलच्या अशा लेखी इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. हे लेखी असलं म्हणजे भावाभावांत आयसीयूच्या दाराशी भांडण होत नाही.

फोन घ्यायला एकच माणूस नेमा. रात्रीची पाळी वाटून घ्या. ती न बोलता सुनेच्या गळ्यात पडते. आणि 'अमक्याला अगदी हेच झालं होतं' अशी गोष्ट घेऊन आलेल्या पाहुण्याला सोप्यावरच चहा द्या.

माणूस गेल्यावर कोणीतरी दुःखाचे पाच टप्पे सांगतं. कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी ते 1969 मध्ये मांडले ते मुळात मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांशी बोलून. घरच्यांनी ते वेळापत्रकासारखे पाळायचे नसतात. 1999 मध्ये स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी मांडलेलं मला जास्त पटतं: माणूस दुःख आणि रोजची कामं यांत ये-जा करत राहतो. सकाळी बँकेत नॉमिनीचे कागद, संध्याकाळी शर्टाची घडी छातीशी धरून रडणं. दोन्ही चालू द्या. हसू आलं तर हसा, त्याने प्रेम कमी होत नाही.

बारावं-तेरावं उरकलं की घर रिकामं होतं. शेजाऱ्यांनी तेव्हा जावं. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "बुधवारी बाजारातून तुमचं नुस्तें (मासळी) मीच आणते," असं म्हणा. सुतकामुळे त्या वर्षी सण नसेल, तर चवथीच्या दिवशी आठवणीने डोकावा.

सहा महिन्यांहून जास्त काळ लोटला तरी गेलेल्या माणसाची ओढ तेवढीच तीव्र असेल, कामधंदा, जेवणखाण मार्गी लागत नसेल, तर मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालतो. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहेच. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं, ही समजूत आता सोडा. "मलाही त्यांच्यामागे जायचंय, जगायचं नाही" असं कोणी म्हणालं तर मात्र सहा महिने कसले, त्याच दिवशी न्या, तोवर एकटं ठेवू नका. उरलेल्या मॉर्फिनच्या आणि झोपेच्या गोळ्या कपाटात तशाच पडलेल्या असतात. त्या आधी कुलपात ठेवा आणि परत कुठे द्यायच्या ते हॉस्पिटलात विचारा.