बेस उतरवताना आणि शेअर करताना या चुका टाळा

नागपुरात सायंटिफिक सभागृहात नाहीतर देशपांडे सभागृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला, की वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेस गिटारच्या टॅब फिरायला लागतात. टॅब म्हणजे कुठली तार कितव्या फ्रेटवर (दांडीवरच्या पट्टीवर) दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं, आणि बेस उतरवणं म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून ते लिहून काढणं. त्यांतल्या चुका बघितल्या तर कान कच्चा असल्यामुळे झालेल्या थोड्याच निघतात. बहुतेक चुका कानाला चुकीचं काहीतरी ऐकवल्यामुळे होतात. म्हणून आधी ऐकण्याचं बघू, लिहिण्याचं नंतर.

कराओके ट्रॅकवरून उतरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुष्कळ कराओके ट्रॅक कीबोर्डवर किंवा कॉम्प्युटरवर नव्याने वाजवलेले असतात, आणि त्यांतला बेस कुणीतरी कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावरून) अंदाजाने भरलेला असतो. तो कितीही नेमका उतरवला तरी हाती अंदाजच लागतो. मूळ रेकॉर्डिंगच घ्या. जुन्या हिंदी गाण्यांत सिनेमातला ट्रॅक आणि रेकॉर्डवरचा ट्रॅक कधीकधी वेगळा असतो, मधला पीस लहानमोठा असतो. कुठला घेतला ते पहिल्या ओळीतच लिहून ठेवा.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं

बेसच्या चार तारा त्यांच्या सुरांवरून ई, ए, डी, जी म्हणून ओळखतात. खुल्या, म्हणजे न दाबलेल्या, ई तारेचा मूळ सूर ४१.२ हर्ट्झ, ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८. मोबाइलचा स्पीकर इतक्या खाली जवळजवळ मुका असतो. ऐकू येतात ते वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपसूर), आणि मूळ सूर मेंदू मनाने भरून काढतो. कधी तो चुकीचा भरतो. ई चा तिसरा हार्मोनिक १२३.६ हर्ट्झवर, म्हणजे ई च्या पंचमावर, बी वर पडतो. त्यामुळे वादक षड्ज धरून बसलेला असताना टॅबमध्ये पंचम लिहिला जातो. कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन घ्या. मे महिन्यात नागपुरात ते लावून तासभर बसणं शिक्षा आहे, हे खरं. पंधरा-पंधरा मिनिटांनी काढा, पण स्पीकरवर भागवू नका.

कूलरचा जी

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. कूलरच्या मोटरची आणि खराब अर्थिंगची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर असते. बेसवरचे जी ४९ आणि ९८ हर्ट्झचे, म्हणजे ही गुणगुण जी पेक्षा जेमतेम ३५ सेंट चढी (कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). गाणं जी मध्ये असलं की कान फसलाच: बेसवादक गप्प असतो आणि टॅबमध्ये दोन बारचा (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा) लांब जी दिसतो. उपाय सोपा. गाणं थांबवा. जी तरीही चालू असेल तर तो खोलीतला आहे. कॅसेटवरून किंवा लाइव्ह कार्यक्रमातून काढलेल्या फाइलमध्ये हीच गुणगुण रेकॉर्ड झालेली असते. तिथे गाणं सुरू होण्याआधीची शांतता हेडफोनवर मोठ्याने ऐका. ५० आणि १०० हर्ट्झला अरुंद फिल्टर लावून ती कापता येते, पण मग खरा जी सुद्धा अशक्त होतो. म्हणून फिल्टर फक्त खात्री करण्यापुरता लावा.

पट्टी न तपासता सुरुवात करणं

कॅसेट ३ टक्के जास्त वेगाने चालली तर सगळं गाणं साधारण ५० सेंट, म्हणजे अर्ध्या सेमीटोनने वर चढतं. ऑनलाइन टाकलेल्या कित्येक फाइलींचा सूर तर मुद्दाम हलवलेला असतो. असं गाणं ‘काळी एक’चं की ‘पांढरी एक’चं यावर ग्रुपमध्ये भांडण होतं, आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. गाण्यातला एखादा लांब, स्थिर सूर ट्यूनरला दाखवा. तो कुठल्याच सुरावर बसत नसेल तर फाइल वरखाली करून ए = ४४० हर्ट्झ या नेहमीच्या ट्यूनिंगवर आणा. बेसच्या तारा फाइलप्रमाणे उतरवत बसू नका, कारण तुमची टॅब वाचणाऱ्याकडे वेगळीच फाइल असणार.

नको तितकं सावकाश ऐकणं

वेग ५० टक्क्यांच्या खाली नेला की प्रत्येक सुराची सुरुवात पसरते आणि दोन ठोक्यांमधली सीमाच हरवते. आधी वेग तसाच ठेवून सूर १२ सेमीटोन वर न्या. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज पिच’ने हे होतं. ४१ हर्ट्झचा ई ८२ वर येतो आणि एकदम स्पष्ट ऐकू येतो. मग ‘चेंज टेम्पो’ने वेग ७० टक्क्यांवर आणा. एवढ्याने नव्वद टक्के कोडी सुटतात. उरलेली दोन बारांचा लूप लावून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून.

गायकाचा आवाज गाळणारी जुनी युक्ती, म्हणजे डाव्या चॅनलमधून उजवा वजा करणं, इथे उलटी पडते. गायकासोबत बेसही बहुधा मधोमध असतो, तो आधी जातो. डेमक्ससारखं सॉफ्टवेअर वापरून बेस वेगळा काढणं त्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण आपल्या गाण्यांत त्याची एक खोड असते. तबल्याचा बायां (डग्गा) बेसच्या ट्रॅकमध्ये घुसतो. बायांवरची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मग टॅबमध्ये स्लाइड म्हणून उतरते. तीच ‘स्लाइड’ प्रत्येक आवर्तनात ठेक्याच्या त्याच मात्रेवर येत असेल तर ती खोडा. ड्रमच्या किकचंही (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचंही) तसंच: किक आणि बेस किंचित मागेपुढे पडले की एका सुराचे दोन लिहिले जातात. ७०० ते १००० हर्ट्झचा भाग थोडा उचला, बोटाचा आघात वेगळा ऐकू येतो. वेगळ्या काढलेल्या ट्रॅकवरून लिहिलेली प्रत्येक ओळ शेवटी पूर्ण गाण्याबरोबर वाजवून बघायचीच.

सम चुकणं

मुखडा समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच उठत असेल तर गायकाचा पहिला शब्द ‘एक’ धरला जातो आणि अख्खी टॅब एक-दोन मात्रा सरकते. सूर सगळे बरोबर, पण ड्रमरबरोबर वाजवायला बसलं की काहीच जुळत नाही. शब्द सोडा, ठेका ऐका, आणि सूर शोधण्याआधी नुसती लय लिहून काढा. दादरा असेल तर सहा मात्रांचा एक बार, म्हणजे सहा-आठ, ठेवा. तीन-चारमध्ये लिहिलं तरी वाजवता येतं, पण बारांची संख्या दुप्पट होते आणि तालमीत ‘बार चोवीसपासून’ म्हटलं की निम्मे लोक भलतीकडे जातात.

सॉफ्टवेअरमध्ये बोटाने ठोके मारून बारच्या खुणा करत असाल तर ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. त्याला बहुधा दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर असतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोक्यांना) सोळाव्या भागाचा सूर १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे प्रत्येक खूण त्याहून जास्त मागे पडते.

कॉर्डचं नाव म्हणजे बेसचा सूर नव्हे

कॉर्ड सी असताना बेस ई वर असू शकतो, जी वर असू शकतो, किंवा पुढच्या कॉर्डकडे अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकत असू शकतो. इंटरनेटवरून कॉर्ड उचलून प्रत्येकाखाली त्याचं मूळ लिहिलं तर ती बेस लाइन होत नाही. बारचा पहिला सूर आणि शेवटचा सूर स्वतंत्रपणे तपासा. मजा शेवटच्या सुरातच असते.

ई च्याही खाली सूर ऐकू आला तर तीन शक्यता: पाच तारांचा बेस, खाली उतरवलेली ई तार, किंवा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड). गुपचूप एक सप्तक वर लिहून मोकळं होऊ नका. लिहायचंच असेल तर तशी टीप द्या.

टॅबमधली जागा

९८ हर्ट्झचा जी चार ठिकाणी मिळतो: खुली जी तार, डी तारेवर पाचवा फ्रेट, ए वर दहावा, ई वर पंधरावा. सूर एकच, आवाजाचा पोत वेगळा. खुली तार जास्त झणझणीत असते आणि लगेच दाबली नाही तर पुढच्या सुरात मिसळते. जाड तारेवर वरच्या फ्रेटचा सूर गोल आणि बोजड लागतो. स्लाइड कुठून कुठे गेली हेही तार सांगून जातं. हात क्षणात सातव्या फ्रेटवरून पहिल्यावर उडत असेल तर जागा चुकली असं समजा. टॅबमध्ये जी तार वर आणि ई तार सगळ्यात खाली; नवशिके हे उलटं लिहितात.

नोटेशनमध्ये बेस लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. मिडी फाइल (प्रत्येक सुराची क्रमांकाने केलेली नोंद) उघडल्यावर खुली ई २८ क्रमांकाची आहे ना, बघा. ४० दिसली तर सगळं एक सप्तक वर गेलं आहे.

पाठवताना

टॅब व्हॉट्सॲपवर नुसती टाइप केली की अक्षरांच्या कमीजास्त रुंदीमुळे आकडे तारांवरून घसरतात. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक लावा, म्हणजे सगळी अक्षरं एकाच रुंदीची होतात. एका ओळीत एकच बार ठेवा, नाहीतर फोनच्या पडद्यावर ओळ मोडते. आयफोन दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करून टाकतो. ते सेटिंग बंद करा. वहीचा फोटो पाठवला तर तो दाबला जाऊन आकडे पुसट होतात, तेव्हा पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसऱ्याने दुरुस्ती करावी असं वाटत असेल तर सोबत म्युझिकएक्सएमएल (नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलता येणारी फाइल) जोडा. नुसती मिडी पाठवली तर तार आणि फ्रेटची माहिती मागेच राहते.

टॅबच्या वर चार गोष्टी हव्यातच: कुठलं रेकॉर्डिंग, ट्यूनिंग, बीपीएम आणि पट्टी. दर आठ बारांना गाण्यातली वेळ द्या. जिथे ऐकू आलं नाही तिथे सूर कंसात टाका. कंस नसलेला अंदाज पुढच्या दहा फॉरवर्डमध्ये पक्का सूर होऊन बसतो.

कायद्याचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीचं असं लेखन तिच्या रूपांतरात मोडतं, आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवणं वेगळं. सगळ्यांसाठी टाकणं किंवा विकणं हा हक्कधारकाच्या परवानगीचा मामला. मूळ गाणं किंवा त्यातून वेगळा काढलेला बेस ट्रॅक सोबत जोडू नका.

दुरुस्ती केली की फाइलच्या नावात तारीख घाला आणि कुठले बार बदलले ते एका ओळीत लिहा. जुनी फाइल ग्रुपमधून डिलीट केली तरी चार जणांच्या फोनमध्ये ती असतेच.