मण्यांच्या कोंदणात खडा बसवताय? या चुका टाळा

घरी केलेलं पेंडंट चार वेळा घातलं की खडा हलायला लागतो आणि सगळा दोष गमावर जातो. पुढच्या वेळी आणखी कडक गम आणला जातो, तरी खडा हलतोच. कारण मण्यांच्या कोंदणात, म्हणजे खड्याभोवती मणी शिवून केलेल्या कडीत, खडा धरून ठेवणं हे गमाचं काम नाही, मण्यांचं आहे. शिवून होईपर्यंत खडा सरकू नये, एवढ्यापुरताच गम लागतो.

अशा कोंदणात बसवतात तो कॅबोशॉन, म्हणजे बुडाशी सपाट, वरून घुमटासारखा गुळगुळीत खडा. कडेपासून वर जाताना तो आत झुकत जातो. मण्यांची शेवटची ओळ त्या उतारावर चढून आवळली गेली की खडा निसटायला जागाच उरत नाही. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं: कोंदण कडेशी सरळ उभं राहतं आणि वर आवळलं जात नाही.

कोंदण सैल का पडतं

पहिली ओळ बॅकस्टिचची. खडा फेल्टवर, म्हणजे नमद्यासारख्या कापडावर, चिकटवायचा आणि त्याला लागून ११ नंबरचे मणी शिवायचे: चार मणी ओवून टाका घालायचा, मग सुई दोन मणी मागे आणून त्या दोघांतून पुन्हा काढायची. मणी खड्याला टेकले पाहिजेत, पण त्याच्या बुडाखाली शिरता कामा नयेत. फेरी पूर्ण झाली की मोजा. पेयोट टाक्याने, म्हणजे खालचा एक मणी सोडून एक धरत, वर चढायचं तर मण्यांची संख्या सम हवी. विषम आली आणि ‘चालून जाईल’ म्हणून पुढे गेलात, तर वरच्या ओळीत दोन मणी शेजारी-शेजारी येतात आणि तिथे फट पडते.

शेवटी अर्ध्या मण्याएवढी जागा उरली तर मणी कोंबू नका. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला सुटे मिळणारे काचेचे मणी एकाच पुडीत जाड-बारीक असतात. अशा वेळी तेच कामी येतं: दोन जरा जाड किंवा दोन जरा बारीक मणी घेतले की संख्या जुळते. एरवी मात्र हे मणी तांदळासारखे ताटलीत पसरून निवडूनच घ्यावेत. मियुकी, टोहो हे जपानी मणी बरेच एकसारखे असतात. ते महाग पडतात, पण कोंदणापुरते तरी घ्या, असं माझं ठाम मत आहे.

वरच्या एक-दोन ओळी १५ नंबरच्या मण्यांच्या हव्यात. नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो: ११ नंबरचा साधारण २ मिमी, १५ नंबरचा दीड. बारीक मण्यांमुळे घेर कमी होतो आणि कोंदण आत वळतं. प्रत्येक टाक्याला दोरा ताणा, संपूर्ण ओळ झाल्यावर एकदाच नव्हे. शिवून झालं तरी खडा हलतोय? १५ नंबरची आणखी एक ओळ चढवा. गम ओतू नका.

गुजरातेतल्या खंबातचे अकीकाचे खडे हातावर घासलेले असतात. कानातल्यांसाठी जोडी घेतली तरी दोन खडे जाडीला सारखे नसतात. एकावरची मोजदाद दुसऱ्यावर चालवू नका, दुसरा खडा नव्याने मोजा.

जास्तीचा मणी

बऱ्याच ओळी झाल्यावर एक मणी जास्त झाल्याचं दिसतं. पकडीने तो बाहेरून चिरडला तर काचेचे तुकडे आत दाबले जाऊन दोरा कापतात. त्याऐवजी मण्याच्या भोकात जाड सुई किंवा दाभण हळूहळू रेटा, म्हणजे मणी आतून बाहेरच्या दिशेने फुटतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

गम

झटपट चिकटणारा गम इथे नको. त्याच्या वाफेने खड्यावर पांढरट धूर बसतो, दोऱ्याला लागला तर दोरा कडक होऊन तुटतो. काचेवरचा तो धूर ॲसिटोनने निघतो. मात्र रेझिन किंवा ॲक्रिलिकच्या खड्याला ॲसिटोन लावलं तर पृष्ठभागच खराब होतो. वाळल्यावरही लवचीक राहणारा ई-६००० सारखा गम घ्या, खिडकी उघडी ठेवून वापरा आणि किमान एक दिवस हात लावू नका. कडेपासून २-३ मिमी जागा कोरडी सोडा, नाहीतर पहिल्याच ओळीला सुई अडकते.

काचेखाली छापील चित्र लावायचं असेल तर इंकजेटची प्रिंट पाण्यातल्या पांढऱ्या गमाने चिकटवू नका, शाई पसरते. लेझर प्रिंट घ्या.

दोरा, रंग, पाठ

शिलाईचा साधा दोरा मण्यांच्या कडांवर घासून तुटतो. मासेमारीसाठी बनवलेला फायरलाइन नावाचा दोरा टिकतो. नळीचे मणी वापरत असाल तर त्यांची टोकं धारदार असतात, दोन्ही बाजूंना एकेक गोल मणी ओवा.

रंग आधी तपासा. ओल्या पांढऱ्या कापसावर चार मणी चोळा, आणखी चार मणी आठवडाभर उन्हात ठेवून पुडीतल्यांशी ताडून पाहा. गुलाबी, जांभळे आणि सोनेरी मुलाम्याचे मणी यात जास्त नापास होतात.

फेल्टच्या मागे पातळ प्लॅस्टिक किंवा जाड कार्ड आणि त्यावर चामड्याचं अस्तर हवं. नुसतं फेल्ट वाकतं, की मण्यांच्या फटी उघडतात. जादा कापड कापताना शेवटच्या ओळीबाहेर एक-दीड मिमी सोडा. मागचा दोरा कापला गेलाच तर ओढून बघू नका. लगेच नवा दोरा घेऊन कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे पाच-सहा मणी पुन्हा शिवून घ्या आणि मगच अस्तर लावा.