भिंत कोरडी दिसते म्हणून खड्ड्यात उतरू नका

बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा बिगारी म्हणून बांधकामावर गेलो. गाव दारव्हा तालुक्यातलं, काम शेजारच्या गावात, दोन खोल्या आणि पडवीचं. मिस्तरींनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "चपलेवर आला का रे? जाय, बूट घालून ये." घरी बूट नव्हते. काकांचे जुने, एक नंबर मोठे बूट होते, ते आत चिंध्या कोंबून घातले. दुसऱ्याच आठवड्यात सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, उलट्या पडलेल्या फळीवर पाय पडला. खिळा टाचेच्या जाड रबरात घुसून थांबला. चप्पल असती तर तो पायात गेला असता आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं लागलं असतं.

त्याला आता तेरा वर्षं झाली. मधे आयटीआयतून आरेखक स्थापत्यचा ट्रेड केला, आणि आता लहान ठेकेदारांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून उभा असतो. घरकुलं, विहिरी, शाळेच्या खोल्या, नाल्यावरची रपटी अशी कामं. दर एप्रिलात नवी पोरं येतात. कुणाला कॉलेजची फी भरायची असते, कुणाच्या घरी सोयाबीननं दगा दिलेला असतो. शहरातल्या मोठ्या साइटवर गेटवरच हेल्मेट तपासतात, सेफ्टी ऑफिसर फिरत असतो. आपल्या गावाकडच्या कामावर मालक, मिस्तरी, चार बिगारी आणि दोन रेजा म्हणजे मजूर बाया, एवढीच माणसं. तुमच्याकडे लक्ष ठेवायला तिथं कुणी नेमलेलं नसतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी खड्डा. उंचीची भीती माणसाला उपजत असते, परांचीवर चढताना पाय आपोआप जपून पडतो. खड्ड्याची भीती वाटत नाही. आपली जमीन काळी, चिकण. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण लहानपणापासून पाहतो. अशा मातीवर घर ठेवलं तर भिंती तडकतात, म्हणून कॉलमचे खड्डे मुरूम लागेपर्यंत खाली न्यावे लागतात. कधी ६ फूट, कधी ९. कोरड्या दिवसांत त्या खड्ड्याची बाजू विळ्यानं कापल्यासारखी सरळ उभी राहते. पाहणाऱ्याला वाटतं, ही कशाला पडते! पण भेगा आत असतातच. एक पाऊस झाला की पाणी त्यांच्यात उतरतं, माती जड होते आणि अख्खा काप सुटून येतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी, जूनच्या पहिल्या पावसानंतर, आम्ही ७ फुटी खड्ड्याचा तळ साफ करत होतो. सकाळी घमेलं वर देताना मला काठापासून हातभर मागे, काठाच्या बाजूनंच सरळ गेलेली एक भेग दिसली. बोट जाईल एवढी. रात्रीच्या पावसानं तिच्या कडा गोल झाल्या होत्या आणि एका ठिकाणी गवताचं मूळ दोन्हीकडे ताणलं गेलं होतं. मी पाहिली आणि गप्प राहिलो. मिस्तरी माझ्या बापाच्या वयाचे, त्यांना आपण काय सांगायचं, असं वाटलं. अकराच्या सुमारास दोन-चार ढेकळं गळली आणि पाठोपाठ बाजू खाली बसली. फार मोठा आवाजही झाला नाही. मी तेव्हा शिडीवर होतो. माझ्या गावचा जोडीदार खाली होता, तो कमरेपर्यंत गाडला गेला.

दोघांनी उडी मारून त्याचे हात ओढायला सुरुवात केली. मिस्तरी वरून ओरडले, "ओढू नोका! हात सोडा त्याचे! आधी काठावरची माती मागं घ्या!" तेच बरोबर होतं. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. तिच्यात रुतलेला माणूस ओढून निघत नाही, खांदे मात्र निखळतात. आणि एक बाजू पडली की उरलेली कधी पडेल याचा नेम नसतो, त्यामुळे वाचवायला उतरलेलेही गाडले जातात. काठावरचा ढिगारा मागे ओढला, उभ्या राहिलेल्या बाजूंना फळ्या लावून बल्ल्यांचे टेके दिले, आणि मग हातांनी अन् घमेल्यांनी माती उपसली. पाऊण तास लागला. माती कमरेवरच थांबली म्हणून तो वाचला. छातीपर्यंत चढली असती तर बरगड्या हलल्याच नसत्या आणि डोकं बाहेर असूनही श्वास बंद पडला असता. नडगीचं हाड मोडलं. आज तो गावात पानटपरी चालवतो. ढगाळ हवा आली की पाय ठणकतो म्हणतो, आणि मला ती भेग आठवते.

म्हणून माझ्या कामावर दीड मीटरच्या, म्हणजे साधारण छातीच्या वर खोल खड्डा गेला की बाजूंना उतार द्यायचा, नाहीतर फळ्या-टेके लावल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची. जेसीबी आणि ट्रॉली काठाजवळ उभी करायची नाही. शिडी खड्ड्यात कायम, वर एक माणूस कायम. पाऊस पडून गेला की उतरण्याआधी काठाभोवती एक चक्कर मारायची, भेग कुठं आहे का ते बघायला. आणि नव्या पोरांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: दिसलं की मोठ्यानं बोला. "मिस्तरी, इथं भेग हाय." मिस्तरी चिडतील, "तू काय मले शिकवतो?" म्हणतील. म्हणू द्या. आमचे तेच मिस्तरी त्या दिवसानंतर रोज सकाळी आम्हाला विचारायचे, "काही दिसलं का रे?"

लोखंडाचंही असंच. १२ एमएमची पूर्ण सळई १२ मीटर लांब असते आणि जेमतेम साडेदहा-अकरा किलो भरते. एकटा माणूस खांद्यावर घेऊन चालतो. हलकी असते म्हणूनच घात करते, कारण ती उभी केली की वरचं टोक झोके खातं. गावात घरांच्या डोक्यावरून ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन गेलेली असते. स्लॅबवर सळई चढवताना खालचा ढकलतो, वरचा ओढतो, आणि टोक कुठं चाललं हे दोघांनाही दिसत नाही. त्या लाइनला टेकायचीही गरज नसते. फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते. लाइनपासून निदान ३ मीटर लांब राहायचं. तेवढी जागा नसेल तर महावितरणच्या लाइनमनला गाठून लाइन रीतसर बंद करून घ्यायची आणि ती बंद झाल्याचं त्याच्याच तोंडून ऐकायचं. सळई शक्यतो आडवी न्यायची आणि एका माणसाला फक्त टोकाकडे बघायला ठेवायचं. मालक म्हणेल, एक माणूस रिकामा उभा आहे. त्याची मजुरी माझ्याकडून कापा, असं मी दोनदा सांगितलं आहे. ओला बांबू आणि ओलं लाकूडही वीज वाहून नेतं, हे पोरांना माहीत नसतं.

खालची वीजही कमी नाही. कटर, मिक्सर, व्हायब्रेटर यांच्या उघड्या तारा सॉकेटमध्ये काडीनं दाबून चालू करायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. व्हायब्रेटर चालवणारा ओल्या काँक्रीटमध्ये उभा असतो, त्याच्या अंगातून वीज जायला काहीच अडवत नाही. ३ पिनचा प्लग, धड अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) या तीन गोष्टी नसतील तर मशीनला हात लावू नका. कुणी चिकटलाच तर आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं तार दूर सारा, अंगाला हात लावू नका. हे घरगुती लाइनचं झालं. ११ केव्हीला लाकूड घेऊनही जवळ जायचं नाही.

स्लॅब टाकून झाला की सगळ्यांना घाई सेंट्रिंग काढायची, कारण प्लेटा भाड्याच्या असतात आणि भाडं दिवसावर चढतं. आमचे मिस्तरी स्लॅब टाकला त्या दिवसाची तारीख कोळशानं कॉलमवर लिहायचे, मीही लिहितो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेके निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. बीमचे ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. हा हिशेब साध्या ओपीसी सिमेंटचा आहे. गावात बहुतेक वेळा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट येतं, ते सावकाश जोर धरतं, म्हणून दिवस वाढवायचे. पाणी मारण्यात हयगय झाली असेल तर आणखी वाढवायचे. टेके गाळ्याच्या मधून सुरू करून भिंतीकडे काढत जायचे. छज्जा आणि बाल्कनीचं मात्र उलट: मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. काढताना खाली कुणी नको. आणि वर भिंतीचं वजन आलेलं नसताना छज्जावर उभं राहून काम करू नका, मिस्तरीनं सांगितलं तरी.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळतं ते ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीचं तर विचारूच नका. पोरं पहिल्याच दिवशी जुन्या मजुरांच्या बरोबरीनं घमेली उचलायला जातात. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर निम्म्या जोरानं काम करा आणि त्याची लाज बाळगू नका. आम्ही मे महिन्यात सकाळी ६ ते ११ आणि ४ नंतर काम ठेवतो. एक लिटर पाण्यात ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट चहाचे चमचे, हे घरचं पाणी बाटलीत ठेवा. शेजारचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, झोकांड्या जायला लागल्या, तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात होतोय. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओल्या फडक्यांच्या घड्या ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

ओलं सिमेंट त्वचा जाळतं, आणि जळतंय हे तासाभरानं कळतं. गुडघ्यावर बसून फरशी घोटणाऱ्यांच्या गुडघ्यांची सालं निघालेली मी पाहिली आहेत. गमबूट, रबरी हातमोजे, आणि पँट भिजली की लगेच बदलून पाय धुवायचे. डोळ्यात गेलं तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा आणि तसेच दवाखान्यात जा. मिक्सरजवळ काम करणाऱ्या बायांनी पदर, ओढणी घट्ट खोचावी. गळ्यातला दुपट्टा तर पोरांनीही काढून ठेवावा. विटांच्या थप्पीत हात घालण्याआधी काठीनं ठोका. साप, विंचू तिथं गारव्याला बसतात.

आता कागद. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं हवं. त्या ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देतो. तो टाळाटाळ करत असेल तर ग्रामसेवकाकडे जा. नोंदणीची फी नाममात्र आहे, त्यासाठी एजंटला हजारो रुपये देऊ नका. कामावर मृत्यू झाल्यास घरच्यांना मंडळाकडून ५ लाख मिळतात, पण नोंदणी चालू असेल तरच, म्हणून नूतनीकरण चुकवू नका. माझ्या जोडीदाराची नोंदणी नव्हती. त्याच्या पायाच्या ऑपरेशनला घरच्यांनी बैलजोडी विकली, आणि त्या वर्षी पोळ्याला त्यांच्या दावणीला बैल नव्हता. ठेकेदार दोन हजार देऊन गेला तो पुन्हा फिरकला नाही.

सध्याच्या कामावर दोन पोरं नवीन आली आहेत. त्यांच्या हजेरीचे दिवस मी वहीत तारखेनं लिहितोय आणि वहीवर दर शनिवारी ठेकेदाराची सही घेतोय. आधार, बँकेचं पासबुक आणि फोटो आणून ठेवायला सांगितलं आहे. परवा त्यातला एक सकाळी खड्ड्याभोवती चक्कर मारून आला आणि म्हणाला, "दादा, तिकडच्या कोपऱ्यात माती ओली दिसून राहिली." जाऊन पाहिलं तर शेजारच्या घराच्या न्हाणीचं पाणी झिरपत होतं. त्या दिवशी खड्ड्यात कुणाला उतरू दिलं नाही, दिवसभर विटा भिजवल्या.